व्हिसावरचं कुंकू

“हे काय आहे?” काउंटरवरच्या जर्मन मुलीनं पासपोर्ट उघडा धरून विचारलं.

सरितानं वाकून पाहिलं. जपानच्या व्हिसावर, बरोब्बर नंबरावर, कुंकवाचं बोट उमटलं होतं. पान ओलंच मिटलेलं असणार, कारण समोरची बाजूही लाल झाली होती. वर एक अक्षतही चिकटली होती.

मुलीनं पासपोर्ट तीनदा मशीनवर ठेवला. मशीन काही बधेना.

“हे बघा, असा खराब झालेला व्हिसा असेल तर मी तुम्हाला विमानात बसवू शकत नाही. सुपरवायझरना बोलावते,” ती म्हणाली. “चाळीस मिनिटांत काउंटर बंद होतंय.”

मागे ट्रॉली धरून उभ्या असलेल्या शिरीषनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, लगेच सुस्कारा सोडला. “मी म्हणतच होतो. चल, घरी जाऊ. पुढच्या वर्षी दोघं मिळून जाऊ.”

पुढच्या वर्षी! हे पुढचं वर्ष गेली सव्वीस वर्षं येतच होतं. शिरीष कंपनीच्या कामानं निम्मं जग फिरून आला आणि सरिता उंटरश्लाइसहाइम या जर्मन गावातल्या त्या तीन खोल्यांत मुलाचे डबे भरत राहिली. मुलगा शिकायला ड्रेस्डेनला गेला, तसं तिनं संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं आणि चार वर्षं जपानी शिकली. तिची शिक्षिका फुकुओकाची. समुद्राकाठचं शहर, दिवेलागणीला नदीच्या कडेनं खाण्याच्या गाड्या लागतात, एकेका गाडीवर जेमतेम आठ स्टुलं, अनोळखी माणसं खांद्याला खांदा लावून बसतात आणि हसत-खिदळत जेवतात, असं ती सांगायची. सरिताला त्यातल्या एका स्टुलावर बसायचं होतं. एकटीला. आपल्या तोंडानं मागवून खायचं होतं. बाकी काही नको होतं बाईला.

तिकीट काढल्यापासून तीन महिने घरात धुसफुस चालली होती. ‘एकटीनं कशाला?’ ‘लोक काय म्हणतील?’ ‘तुला साधी सर्दी झाली तरी मला हाका मारतेस.’ सरितानं सगळं ऐकून घेतलं आणि बॅग भरली. काल पासपोर्ट देवापुढे ठेवला, हात जोडले. पण कुंकू? कुंकवाच्या करंड्याला तिनं हातही लावला नव्हता.

आणि घरात माणसं किती? दोन.

ती सावकाश मागे वळली. शिरीषचे कान लाल झाले होते.

“अहो, हे तुम्ही लावलंत?”

“बाबांनी लावलं होतं माझ्या पासपोर्टला. मी इकडे यायला निघालो तेव्हा.”

“कव्हरवर लावलं होतं त्यांनी! मी होते ना तिथे. व्हिसावर कुणी लावतं का? कागदाला साधा डाग पडला तरी घर डोक्यावर घेणारा माणूस तुम्ही!”

शिरीष ट्रॉलीवरची बॅग उगाच सरळ करू लागला.

“मुद्दाम केलंत?”

“वेडी आहेस का?” तो फटकन म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला. “चांगल्या मनानंच लावायला गेलो होतो गं. मग ते पान उघडलं. त्यावर तुझा एकटीचाच फोटो. मग… माहीत नाही, सरिता. खरंच माहीत नाही.”

सरिताला असा संताप आला की ती ट्रॉली त्याच्या अंगावर ढकलून द्यावी असं वाटलं. आणि त्याच वेळी, इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदा खरं बोलला, हेही तिला कळलं. त्यामुळे तर आणखीच राग आला.

तेवढ्यात सुपरवायझर आली. पन्नाशीची जपानी बाई, गळ्यात निळा रुमाल, चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. तिनं पान दिव्याखाली धरलं, तिरकं केलं, नखानं अक्षत अलगद काढून टेबलावर ठेवली. मग जर्मनमध्ये एकेक शब्द सुटा करत विचारलं, “हे कुणी लावलं? आणि कशासाठी? व्हिसा कुणी जाणूनबुजून खराब केला असेल, तर मला हा प्रवास इथेच थांबवावा लागेल.”

प्रश्न शिरीषलाही कळला. त्यानं ट्रॉली एक पाऊल मागे ओढली. घड्याळात सव्वीस मिनिटं उरली होती.

सरितानं पदर नसतानाही खांद्यावरून हात फिरवला. चार वर्षं तिनं ‘इथे एक जागा आहे का?’ हे वाक्य घोकलं होतं. वर्गाबाहेरच्या माणसाशी पहिलं जपानी बोलणं हे असलं होईल, असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. तरी ती जपानीतच बोलली, अडखळत, पण थांबली नाही.

“माझ्या नवऱ्यानं लावलं. आमच्याकडे ही पद्धत आहे. मी सुखरूप जावं, पोटभर बघावं आणि सुखरूप परत यावं, म्हणून लावलं. चुकीच्या पानावर लागलं, एवढंच.”

बाईनं सरिताकडे पाहिलं, मग शिरीषकडे. मग जपानच्या इमिग्रेशन कचेरीला फोन लावला आणि लाल डागाखालचा नंबर एकेक आकडा करत वाचून दाखवला. पलीकडून कुणीतरी काहीतरी विचारत होतं, ही ‘हो, हो’ म्हणत होती. सरितानं काउंटरची कड घट्ट धरली होती.

फोन ठेवून बाईनं मान झुकवली आणि बोर्डिंग पास दोन्ही हातांनी पुढे केला. बॅग पट्ट्यावरून आत गेली.

शिरीष तिच्या मागोमाग सिक्युरिटीच्या दारापर्यंत आला.

“काय सांगितलंस तिला?”

पासपोर्ट पर्समध्ये टाकून सरितानं चेन ओढली.

“जे तुम्ही सांगायला हवं होतं, ते.”