बिनशंखाची

"अगं ये, ये! हातमोजे काढ आधी," सर प्रयोगशाळेच्या दारातूनच ओरडले. त्यांच्यामागे सगळा विभाग उभा होता आणि टेबलावर केक. केकवर क्रीमची गोगलगाय काढलेली होती, पाठीवर छान गरगरीत शंख. समुद्रतळाच्या या गोगलगायीला शंखच नसतो, हे बेकरीवाल्याला कोण सांगणार?

बाळंतपणाच्या रजेवरून ती आजच कामावर रुजू झाली होती. रजा कसली म्हणा. लेक झोपली की तिला सासूबाईंच्या मांडीवर देऊन ती धावत इथे यायची, आणि पाजायची वेळ झाली की धावत घरी. खोल समुद्रातून जाळ्यात एकच गोगलगाय आली होती. बोटाएवढी, बाटलीतल्या मद्यार्कात रंग उडून पांढरीफटक पडलेली. तिच्या जिभेवर दातांची पट्टी असते. ती सोडवताना हात जरा हलला असता तर सगळा खेळ खलास. हात हलला नाही. त्या दातांवरूनच तिने दाखवून दिलं की ही जात आजवर कुणी नोंदवलेलीच नाही. वर्णन तिने लेकीला खांद्यावर थोपटत, एका हाताने टाइप करून पुरं केलं. "छापायला पाठवायचं मी बघतो, तू बाळाकडे बघ," सर म्हणाले होते.

नव्या जातीच्या नावापुढे वर्णन करणाऱ्याचं आडनाव लागतं, कायमचं. "मग कुठलं लावणार? माहेरचं की आमचं?" नवऱ्याने चिडवलं होतं.

"माहेरचं."

"लाव गं लाव," दुपट्यांच्या घड्या घालता घालता सासूबाई म्हणाल्या होत्या. "आमचं काय, रोजचंच आहे."

बाबांच्या मागे त्या आडनावाचं कुणी उरलं नव्हतं. गोगलगायीच्या नावापुढे तरी उरेल, असं तिच्या मनात होतं.

सरांनी मोबाइल तिच्यापुढे धरला. लेख छापून आला होता. आणि गोगलगायीला नाव दिलं होतं ते तिचं! शेवटी लॅटिन शेपूट जोडलेलं, पण नाव तिचंच. टाळ्या पडल्या. "चला, एक बाळ घरी, एक बाटलीत!" मागून कुणीतरी म्हणालं. ती हसली. डोळे भरून आले. ते पुसून तिने लेख पुन्हा वरपासून पाहिला. लेखक एकटे सर.

"सर, माझं नाव?"

"दिलंय की! अख्खी जात दिली तुला."

"लेखकांत, सर."

रुसलेल्या पोरीकडे पाहावं तसे सर तिच्याकडे पाहत राहिले. "अगं, आपणच वर्णन करायचं आणि आपलंच नाव ठेवायचं, असं कुणी करतं का आपल्यात? लोक तोंडावर हसतील. एक तर नाव द्यायचं, नाहीतर लेखक करायचं. म्हटलं, पोरीला मोठा मान देऊ. तशीही तू रजेवरच होतीस."

केक कापला गेला. "आणि हो," तोंडात घास असतानाच सर म्हणाले, "बाटलीवरची चिठ्ठी तेवढी तू लिही. अक्षर तुझंच सुरेख."

दूध दाटून छाती ठणकत होती. घरी लेक उठली असणार. तिने बाटली पुढे ओढली. चिठ्ठीवर आधी प्रजातीचं ठरलेलं लॅटिन नाव लिहिलं, मग जातीचं म्हणून स्वतःचं, आणि त्यापुढे सरांचं आडनाव. अक्षर खरंच सुरेख आलं.

तिच्या नावापुढे दुसऱ्याचं आडनाव लागायची ही दुसरी खेप. पहिल्या वेळी निदान तिला विचारलं तरी होतं.