पट्टा नसताना

बालवाडीच्या खिडकीबाहेर उभ्या असलेल्या रेवणच्या आईचा, गिरिजाचा जीव मुठीत होता. "रेवणने आज कुणाला मारलं, तर उद्यापासून त्याला आणू नका," असं बिराजदार बाईंनी बजावलं होतं.

घरी टीव्हीसमोर तो आता शहाण्यासारखा वागे. घरोघरी आलेल्या या नव्या टीव्हीचा पट्टा मनगटाला बांधला, की पडद्यावर ज्याला मार बसे त्याची बारीकशी कळ बघणाऱ्याच्याही अंगात उठे. अस्वलाने सशाला आपटलं की रेवण पूर्वी टाळ्या पिटायचा, आता स्वतःचा गुडघा चोळत "सोड की त्याला!" म्हणून ओरडायचा. पण बालवाडीत कुठला पट्टा?

तेवढ्यात समीरने रेवणचा मातीचा बैल हिसकावला. बैल पडून फुटला. रेवणचा हात वर गेला. गिरिजाने डोळे मिटून घेतले.

"मार की!" शेजारची पूर्वा म्हणाली. "आत्ता कुठं पट्टा आहे तुझ्या हाताला?"

"पट्टा नाही म्हणून त्याला लागणार नाही होय गं?" रेवण रडतरडतच तिच्यावर खेकसला.

गिरिजाने डोळे उघडले. वर गेलेला हात खाली आला होता.

बिराजदार बाई लगबगीने खिडकीशी आल्या. "अजून उभ्याच का? जा निवांत घरी," त्या हसत म्हणाल्या. "आमचा रेवण कुठं जात नाही आता!"