उन्हाचं पाणी

लेक लवू आयसीयूत बेशुद्ध पडलेला, आणि रत्नप्रभा नाक धुवायची नेतीची झारी पिशवीत घेऊन दाराशी बसलेली. नाक मोकळं झालं की डोकेदुखी उतरते, हा तिचा हेका. झारीत नेहमीचंच पाणी, मुलुंडच्या सोसायटीच्या गच्चीवर काळ्या टाकीत उन्हानं तापलेलं. कॉलेजात मेंदू खाणाऱ्या अमीबावर संशोधन करणारी नात रुचिरा उन्हाळाभर सांगत होती, "आजी, कोमट साठलेल्या पाण्यातच तो वाढतो. नाकात उकळलेलंच घाल गं." "फुकट तापलेलं सोडून गॅस जाळू? शहाणी!" म्हणून आजी उडवून लावायची. आता रुचिरा आयसीयूतून बाहेर आली. "बाबांच्या डोक्यात तोच निघाला, आजी. डॉक्टरांनी हात टेकले." तिने झारी काढून घेतली. "अगो, मी कशी वाचले? रोज आधी माझ्या नाकात, मग त्याच्या." पाण्याबद्दल सगळं पाठ असलेली पोर झारीतलं पाणी बेसिनमध्ये ओतायला वळली. "बोल! माझा मेंदू काय कडू लागला तुझ्या अमीबाला?"