कारणाचा रकाना

"या विवाहाला कुणाची हरकत असेल तर त्याने आत्ताच बोलावं," पास्टर धीरज यांनी नेहमीच्या सुरात वाचलं आणि वही मिटायला घेतली. लग्नाआधी तीन रविवार अशी घोषणा करायची पद्धत होती. आजचा पहिला. बोईसरच्या त्या चर्चमध्ये आजवर कुणी तोंड उघडलं नव्हतं. लोक तेवढ्या वेळात पुढचं गीत शोधून ठेवत.

पुढच्या बाकावरून एकनाथराव उभे राहिले. मंडळीचे पंच, आणि ज्या विपुलचं नाव आत्ता वाचलं गेलं त्याचे वडील.

"हरकत आहे," ते म्हणाले.

ऐक्याचा आठवडा चालू होता. अर्ध्या तासापूर्वी याच एकनाथरावांनी ख्रिस्तापुढे कुणी उंच नाही की नीच नाही, अशी प्रार्थना केली होती, आणि खोटं कशाला बोला, भल्याभल्यांचे डोळे पाणावले होते. नवसीचे तर वाहत होते. नवसी म्हणजे मुलीची आई, डोंगराकडच्या वारली पाड्यावरची. तिला आणि तिच्या स्वातीला पहिली प्रार्थना शिकवली ती एकनाथरावांनीच. दर शनिवारी मोटारसायकलवरून पाड्यावर जात, नवसीच्या ओट्यावर बसून नागलीची भाकरी खात, आणि रविवारी मंडळीला 'आपल्या पाड्यावरच्या भावंडांची' खुशाली सांगत.

पास्टरांनी वही पुन्हा उघडली. "हरकतीला कारण द्यावं लागतं, एकनाथराव. इथे रकाना आहे. विपुलचं आधी लग्न झालंय?"

"नाही."

"मुलीचं वय कमी आहे? बाप्तिस्मा झालेला नाही?"

"तिचा बाप्तिस्मा तुम्हीच केलात."

"मग?"

एकनाथरावांनी घसा खाकरला. "आमच्यात जमण्यासारखं नाही."

"आमच्यात म्हणजे कुणात?"

ऐंशी-नव्वद माणसं बसली होती. शब्द प्रत्येकाच्या जिभेवर होता, पण चर्चमध्ये तो उच्चारायची कुणाची छाती होत नव्हती. ज्यांना जातीपायी नगरकडच्या गावात पाणवठ्यावरून हाकललं होतं, त्यांचीच ही नातवंडं. संताप येतो तो याचा.

नवसी उठली. "बोला ना, भाऊ. आमी कोन हाय ते बोला. पाड्यावर तं जाम बोलायचे तुमी."

"नवसीबाई, मनाला लावून घेऊ नका. तुमच्याविषयी प्रेमच आहे," एकनाथराव तिच्याकडे न बघता म्हणाले. मग पास्टरांकडे वळले. "कौटुंबिक कारण, असं लिहा."

पास्टरांनी मंडळीवरून नजर फिरवली. कुणी मान वर करीना. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला घेतलं.

स्वातीने पलीकडच्या बाकावर बसलेल्या विपुलकडे पाहिलं. दोघं एकाच कंपनीत पॅकिंगला होती, तीन वर्षं एकाच शिफ्टच्या बसने जात-येत होती. वडील ऐकले नाहीत तर मी आहे ना, असं त्यानेच तिला सांगितलं होतं. आता त्याने हात जोडले होते, डोळे घट्ट मिटले होते, ओठ हलत होते. तो प्रार्थना करत होता.

ती थांबली. पास्टरांचं लिहून होईपर्यंत थांबली. मग उभी राहिली.

"पास्टरसाहेब, माजी पन हरकत हाय."

"तुझी?" पास्टरांचा हात वहीवरच राहिला. "अगं, लग्न तुझंच आहे."

"म्हनून तं. लिवा. कारन सांगाया मला लाज नाय वाटत." तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता. "लिवा, मुलगा उभा नाय राहिला."