कडी

परदेशांतल्या पाच लघुपटांनंतर तिचा लागला, बारा मिनिटांचा. स्वतःला खोलीत कोंडून घेणाऱ्या मुलीची गोष्ट. दिवे लागले, प्रश्नोत्तरं सुरू झाली. “हे तुमच्याच घरातलं का हो?” कुणीतरी विचारलं. “छे, सगळं काल्पनिक,” ती हसून म्हणाली. प्रत्येक महोत्सवात हेच सांगायची. तेवढ्यात शेवटच्या रांगेतला हात वर झाला. बाबा! यांना कुणी बोलावलं? आता चारचौघांत शोभा करणार. माईक रांगेरांगेतून मागे सरकत गेला. तो मध्येच बंद पडावा असं तिला वाटत राहिलं. बाबांनी तो दोन्ही हातांत धरला, घसा खाकरला. “सिनेमा चांगला जमलाय. फक्त एक चूक राहिलीय.” त्यांनी माईक तोंडाजवळ नेला. “पोरगी आतून कडी लावते असं दाखवलंयस तू.” माईकमधून नुसता श्वास ऐकू आला. “कडी बाहेरून होती. मी लावायचो.”