एकच मोठी फाइल

“एकच मोठी फाइल. सगळी पानं तिच्यात. मशीन नुसतं पळेल,” मालक आनंदराव शिर्के म्हणाले आणि या बदलाच्या मंजुरीचा कागद महिपतपुढे सरकवला. “सही कर.”

महिपत तांडेलने पेन उचललं नाही. वागळे इस्टेटमधल्या या इंटरनेट कंपनीचं प्रॉक्सी मशीन तोच सांभाळत होता. एकाने पाहिलेलं पान ते डिस्कवर ठेवून घेई; दुसऱ्याने मागितलं की तिथूनच देई. टिटवाळ्यापर्यंतचे तीसेक सायबर कॅफे एका बारीक लाइनवर चालत होते, ते त्याच्याच जोरावर.

“आत्ता प्रत्येक पानाची वेगळी फाइल आहे,” महिपत म्हणाला. “हळू आहे, कबूल. पण वीज गेली तर चार पानं जातात. तुमच्या मोठ्या फायलीचं अर्धं लिखाण डिस्कवर न पोचता मेमरीतच थांबलेलं असतं. वीज गेली की सगळी फाइल बाद.”

“जाईल कशाला? बॅटरी आहे, जनरेटर आहे.”

“तुम्ही शुक्रवारी येत नाही, साहेब.”

शुक्रवारी इस्टेटची वीज बंद असे. जनरेटर सुरू होईपर्यंत बॅटरीने दम धरायचा. महिन्यातून एकदा तरी ती धरत नसे. नव्या बॅटरीला शिर्क्यांनी दोनदा नकार दिला होता.

“आणि मग फोनवर शिव्या मी खातो,” तक्रारी घेणारा जगन पुटपुटला.

“तू गप रे! अंधेरीत सगळे हेच वापरतात. महिपत, होडी वल्हवून झाली, आता इंजिन लाव की. जमत नसेल तर दुसरा माणूस बघतो.”

महिपतच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याने मशीनवर एक ओळ टाइप केली. मग तो उठला आणि रिकामी खुर्ची मालकांकडे फिरवली.

“बसा. जुना साठा पुसल्याशिवाय नवी पद्धत बसत नाही. अकरा महिन्यांचा आहे. एन्टर तेवढं तुम्ही दाबा. माझ्या हातून होणार नाही. माणूस खुशाल बघा.”

शिर्के तावातावाने बसले. जगनचा फोन वाजत राहिला. त्याने तो उचलला नाही.

बोट एन्टरवर येऊन टेकलं.

“हे परत आणता येतं ना?” शिर्क्यांनी मान न वळवता विचारलं.

महिपत हाताची घडी घालून मागे उभा होता.

“दाबा की, साहेब.”