काळा पडदा

सुतकात बंद ठेवलेला टीव्ही तेराव्यानंतर स्वप्नानेच लावला. बाबा गेल्यापासून आई धड जेवत नव्हती. मालिका बघता बघता दोन घास तरी पोटात जातील, एवढीच आशा.

चंदनसारच्या त्या फ्लॅटमध्ये दुपारचं ऊन आलं होतं. नवा सेट-टॉप बॉक्स दुसऱ्या इनपुटला जोडल्यापासून पडदा सारखा लुकलुकत होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे स्वप्ना प्रयोगशाळेत शिकली होती. तिने आधी केबल बदलली, मग इनपुट.

"पुरे गं, बीएस्सीबाई!" ताट घेऊन सोफ्यावर बसलेली आई म्हणाली.

पडदा क्षणभर काळा झाला, की त्यात सोफा दिसे. आई मधोमध बसली होती. काचेत मात्र ती कडेला सरकलेली होती, कुणाला जागा करून दिल्यासारखी. स्वप्नाने वळून पाहिलं. आई मधोमधच होती.

पडदा पुन्हा काळा झाला. काचेतली आई शेजारच्या रिकाम्या जागेला घास भरवत होती.

स्वप्नाने केबल उपटली. पडदा काळाच राहिला. काचेतल्या आईने आता स्वतःही एक घास घेतला.

"राहू दे असाच," आई म्हणाली.

स्वप्नाची पाठ सोफ्याकडे होती. आवाज समोरून आला.